मृगाची वाट पाहणाऱ्यांनी मृग पाहावा

आमचा शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो. पण मृग आकाशात कोठे, असे आम्ही विचारले तर पुष्कळांस सांगता येत नाही. ७ जूनच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्री जातो, म्हणून तेव्हा ते त्याच्या तेजात लपते. पाहण्याचे दिवस हे, मार्गशीर्षाचे.

या आठवड्यात जेवणे आटोपल्यावर पूर्वेस पाहा. एका ओळीतले तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटातला बाण. ओळ वर नेली की तांबूस रोहिणी. खाली नेली की व्याध, रात्रीच्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी. मग सातपुड्याच्या अंगास वळा. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा; दोन मुठींवर ध्रुव. जळगाव-धुळ्याचे अक्षांश सुमारे २१, म्हणून त्याची उंचीही तितकेच अंश.

यास ना दक्षिणा लागते, ना दुर्बीण. रात्रीच्या विजेवर केळीस पाणी देणाऱ्या बापाने हे मुलास, तसेच मुलीसही, दाखवावे. नक्षत्र ही सूर्याच्या वाटेवरील खूण आहे, पावसाची हमी नव्हे, हे ज्यास कळले तो मुहूर्त विचारीत बसणार नाही; जमिनीची ओल पाहून पेरील. दुबार पेरणीचा खर्च पेरणाऱ्याच्याच माथी बसतो, मुहूर्त सांगणाऱ्याच्या नाही.