कमिशनरसाहेबांचे काय होणार?

“मामा, गॉर्डनला मारणार रे ते!”

आमचा भाचा हे वाक्य अशा काही स्वरात बोलला, की शेजारच्या बिऱ्हाडातल्याच कोणावर प्रसंग गुदरला आहे असे मला क्षणभर वाटले. २०११ सालचा जुलै महिना होता. ख्रिस्तोफर नोलनच्या बॅटमॅन-चित्रत्रयीतला शेवटचा चित्रपट यायला अजून वर्ष होते. पण त्याची एक छोटीशी झलक नुकतीच बाहेर पडली होती. तीत चष्मा लावणारा, मिशा राखलेला एक वयस्क गृहस्थ इस्पितळाच्या खाटेवर पडून, बॅटमॅनने परत यायलाच हवे असे कसेबसे सांगत होता. हेच गॉथम शहराचे पोलीस कमिशनर जेम्स गॉर्डन.

“आणि बॅटमॅनचे काय?” मी विचारले.

“त्याचं काय व्हायचंय? तो बघून घेईल त्याचं. त्याच्याकडे गाड्या आहेत, पैसा आहे. गॉर्डनकडे काय आहे, सांग ना!”

मला उत्तर सुचले नाही. पुढे ध्यानात आले, की ही धास्ती आमच्या घरापुरती नव्हती. गावोगावच्या शौकिनांनी त्या खाटेवरून नाना तर्क लढवले होते. नायकासाठी जीव टांगणीला लागणे ही जुनीच गोष्ट. पण नायकाच्या मदतीला येणाऱ्या एका पगारी पोलिसासाठी लोकांनी वर्षभर घोर लावून घ्यावा, हे नवल होते.

एरवी रहस्यकथांतल्या पोलिसांची अवस्था काय असते? शेरलॉक होम्सच्या कथांतले लेस्ट्रेडसाहेब आठवावेत. चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, शेवटी बेड्या घेऊन हजर व्हायचे आणि वर्तमानपत्रात स्वतःचे नाव छापून आणायचे! गॉर्डनच्या कपाळीही बराच काळ असलेच काम होते. वास्तविक मान त्याचा मोठा. १९३९ सालच्या मे महिन्यात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन जन्माला आला, त्याच गोष्टीच्या पहिल्या पानावर कमिशनर गॉर्डन बसलेला आहे. रॉबिन, जोकर, आल्फ्रेड ही सारी मंडळी त्याच्या मागून आली. पण १९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर जी मालिका सुरू झाली, तीत नील हॅमिल्टन या नटाच्या वाट्याला मुख्यतः एकच काम आले: संकट दिसले की लाल टेलिफोन उचलायचा. १९८९ पासून १९९७ पर्यंतच्या चार चित्रपटांत पॅट हिंगल कमिशनर झाले. त्यांनाही फारसा वाव मिळाला नाही. सारांश, गच्चीवरचा दिवा पेटवायचा आणि बाजूला उभे राहायचे, एवढीच कमिशनरसाहेबांची कामगिरी.

या दिवेवाल्याचा माणूस केला तो आधी काही चित्रकथांनी. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या १९८७ सालच्या ‘बॅटमॅन : इयर वन’मध्ये गॉर्डन लेफ्टनंट म्हणून गॉथममध्ये बदलून येतो आणि लाच खाणाऱ्या खात्यात एकटा पडतो. पुढच्याच वर्षीच्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर त्याच्या मुलीला गोळी घालतो, त्याला वेड लागावे म्हणून त्याचे अनन्वित हाल करतो, आणि सुटका होताच हा माणूस बॅटमॅनला बजावतो, की आरोपीला कायद्यानेच पकडले पाहिजे. नोलनचा गॉर्डन या कुळातला आहे.

ही भूमिका गॅरी ओल्डमन यांना मिळाली, यातही एक गंमत आहे. तोवर प्रेक्षक त्यांना ओळखत ते बहुधा खलनायक म्हणून. ‘लेआँ’मध्ये त्यांनी पोलीसच रंगवला होता, पण सगळ्या चित्रपटातला सर्वांत नीच पोलीस! तोच नट २००५ साली ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये थकलेला, सुरकुतलेल्या कोटातला, वरकमाईला हात न लावणारा सार्जंट होऊन आला. त्याचा जोडीदार उघडउघड हप्ते गोळा करतो. हा घेत नाही, पण त्याची चहाडीही करत नाही. करायची तरी कोणाकडे? वरचे सारे तसलेच. ज्यांनी कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढली आहेत, त्यांना हा गृहस्थ नव्याने ओळख करून द्यावा लागत नाही.

दुसऱ्या चित्रपटाने, २००८ च्या ‘द डार्क नाइट’ने, त्याला कमिशनर केले आणि त्याच रात्रीपासून त्याची झोप घालवली. सरकारी वकील हार्वी डेंट हा शहराच्या गळ्यातला ताईत. शेवटी तो सूडाने वेडा होतो, खून करतो, गॉर्डनच्याच मुलावर पिस्तूल रोखतो आणि मरतो. शहराची आशा मावळू नये म्हणून बॅटमॅन ते खून आपल्या अंगावर घेतो आणि गॉर्डन त्या खोट्याला होकार देतो. ज्या हातांनी गच्चीवरचा दिवा उभारला, त्याच हातांनी कुऱ्हाड घेऊन तो फोडतो.

चित्रपट इथे संपला आणि प्रेक्षक चार वर्षे ताटकळत बसले. शौकिनांच्या अपेक्षा काय होत्या? भाच्याने त्या मला बोटांवर मोजून दाखवल्या होत्या. एक, गॉर्डन जगला पाहिजे. दोन, मुखवट्याआड कोण आहे हे त्याला कळले पाहिजे. इतकी वर्षे साथ दिली, तेवढा त्याचा हक्क आहे. आणि तीन, त्याने स्वतःच्या तोंडाने खरे सांगितले पाहिजे.

“तिसरं सगळ्यात महत्त्वाचं,” भाचा म्हणाला. “तो लबाड नाहीये रे मामा. त्याला बोलायला मिळालं पाहिजे.”

२०१२ च्या जुलैत ‘द डार्क नाइट राइझेस’ आला. आम्ही दोघे जोडीने गेलो. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याचा परिसरही त्यात दिसणार म्हणून मी उत्सुक होतो. भाच्याचे सारे लक्ष कमिशनरांवर.

चित्रपट आठ वर्षांनंतर उघडतो. डेंटच्या नावाने कडक कायदा झाला आहे, शेकडो गुंड तुरुंगात आहेत, शहर शांत आहे. डेंटच्या पुण्यतिथीला गॉर्डन बोलायला उभा राहतो. खरे काय घडले ते लिहिलेला कागद त्याच्या हातात आहे. तो कागदाकडे पाहतो, समोरच्या मेजवानीकडे पाहतो, आणि वेळ आलेली नाही असे ठरवून कागद खिशात घालतो. त्याच समारंभात एक बडा पाहुणा त्याच्या दुय्यम अधिकाऱ्याला, फोलीला, सांगत असतो, की येत्या वसंतात नगरपती या म्हाताऱ्याला काढणार. लढाईत तो कामाचा होता, आता शांतता आहे. बायको मुलांना घेऊन क्लीव्हलँडला गेल्याचेही आपल्याला तिथेच कळते. एका खोट्याची किंमत हा माणूस घरी आणि दारी दोन्हीकडे चुकवतो आहे.

मग तो भुयारात बेन नावाच्या राक्षसाच्या हाती सापडतो, गोळी खातो, वाहत्या पाण्यात अंग झोकून वाचतो. पण कागद बेनच्या हाती राहतो. आणि तुरुंगाच्या दारात, जमलेल्या लोकांसमोर आणि दूरचित्रवाणीच्या साक्षीने, बेन तो मोठ्याने वाचून दाखवतो. शब्द गॉर्डनचेच आणि सत्यही तेच. पण सांगणाऱ्याला शहर जाळायचे आहे. कैदी मोकळे सुटतात. आपल्या शेजारच्या तरुण पोलिसाला, ब्लेकला, गॉर्डन समजावू पाहतो, की कधीकधी नियमच पायातल्या बेड्या होतात, आणि अशा वेळी स्वतःचे हात चिखलात घालून आपले हात स्वच्छ ठेवणारा मित्र लागतो. तुमचेही हात काही स्वच्छ दिसत नाहीत, असे तो पोरगा सुनावतो. कमिशनरांपाशी यावर उत्तर नसते.

चित्रगृहात भाच्याने माझा हात घट्ट धरला होता. त्याची पहिली अपेक्षा पुरी झाली; गॉर्डन शेवटपर्यंत जगला. आणि नुसता जगला नाही. जवळजवळ सारे पोलीसदल भुयारात अडकलेले असताना, जखमेतून उठलेला हा माणूस उरल्यासुरल्यांना घेऊन शहरभर फिरतो. घरात लपलेल्या फोलीच्या दाराशी जाऊन आर्जव करतो. आणि तोच फोली अखेरच्या दिवशी पुरा गणवेश चढवून सर्वांच्या पुढे चालतो आणि मरतो. बाँब वाहणाऱ्या ट्रकवर चढून त्याचा संदेश अडवण्याचे कामही गॉर्डनच्याच वाट्याला येते.

दुसरी अपेक्षाही पुरी झाली, आणि अशा रीतीने, की शेजारच्या खुर्चीवरचा आवाज बंद झाला. लोकांना नायकाचे नाव कळायला नको का, असे गॉर्डन विचारतो. बॅटमॅन नाव सांगत नाही. तो एवढेच सुचवतो, की नायक कोणीही असू शकतो. एका लहान मुलाच्या खांद्यावर कोट घालून, जग बुडालेले नाही एवढा दिलासा देणारा माणूससुद्धा. पहिल्या चित्रपटात आईबापांचा खून झाल्यावर पोलीसठाण्यात एकट्या बसलेल्या ब्रूस वेनच्या खांद्यांवर एका साध्या शिपायाने कोट घातला होता. तो शिपाई गॉर्डन. इतकी वर्षे ज्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते, त्या माणसाने तो कोट मनात जपून ठेवलेला होता.

पण तिसरी अपेक्षा? ती मात्र पुरी झाली नाही. ब्रूस वेनच्या थडग्यापाशी चार माणसांच्या मेळ्यात गॉर्डन वाचतो खरा. पण डिकन्सच्या ‘ए टेल ऑफ टू सिटीज’चा शेवट. त्याचे स्वतःचे भाषण त्याला कधीच वाचता आले नाही. शौकिनांना ही रुखरुख लागली असेल. मला मात्र वाटते, नोलनने इथेच त्या माणसाला खरा न्याय दिला. खोटे बोलण्याची शिक्षा पकडले जाण्यात असते, असा आपला समज. चांगल्या माणसाला शिक्षा होते ती वेगळीच. उद्या सांगू, मुलांच्या परीक्षा होऊ देत, शहर जरा सावरू दे, असे म्हणत सत्य खिशात घालून तो फिरतो. आणि एक दिवस तेच सत्य त्याचा वैरी भर चौकात वाचून दाखवतो.

आमचा भाचा आता स्वतः एका कचेरीत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात जेवायला आला असता विषय सहज निघाला. तो म्हणाला, “मामा, तेव्हा मला कोटाचा प्रसंग आवडायचा. आता कागदाचा जास्त आठवतो.” का, ते मी विचारले नाही. जेवून झाल्यावर मात्र तो बराच वेळ बसला आणि जे सांगायचे होते ते सांगून गेला. ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

चित्रपटाच्या अखेरीस गॉर्डन गच्चीवर जातो, तर आपण फोडलेला दिवा कोणीतरी दुरुस्त करून ठेवलेला असतो. तो त्यावरून हात फिरवतो आणि वर आभाळाकडे बघतो. दिव्यांच्या सणात आपणही खिसे जरा चाचपून पाहावेत, हे बरे.