परड्याला हवं ते छप्पर

खडेबाजारात दुकानांबाहेर रेनकोट नि छत्र्या लटकू लागल्या, की बेळगावातल्या परड्याचा भाजीचा हंगाम आटोपला असे धरायचे. कोथिंबीर माऱ्याने आडवी होते, टोमॅटोवर करपा येतो, मिरचीची रोपे साचलेल्या पाण्यात कुजतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या या गावात थंडी भाजीला मारत नाही. मारतो तो जून ते सप्टेंबरचा पाऊस. घरच्या ग्रीनहाऊसचा विचार इथून सुरू व्हायला हवा.

युरोपातली हरितगृहे ऊब कोंडण्यासाठी जन्मली. रोमन सम्राट तिबेरियसला बारमाही काकडी लागे, म्हणून त्याचे माळी हिवाळ्यात वाफ्यांवर पारदर्शक दगडाची तावदाने घालत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. तसले बंदिस्त घर बेळगावात बांधले, तर मार्चपासून रोपे आत शिजतील.

दुसरे टोक म्हणजे गच्चीवरची हिरवी शेडनेट. ती ऊन अडवते, पाऊस नाही. आणि जुलैच्या झाकोळात तिची सावली रोपांच्या मुळावरच येते. चैत्र-वैशाखात ती ताणावी, मिरगाआधी उतरवावी.

इथे हवे ते नुसते छप्पर. १० बाय ६ फुटांचा बांबूचा किंवा जीआय पाइपचा सांगाडा, वर २०० मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिक कागद, त्याला चांगला उतार. बाजू उघड्या, फार तर कीटकरोधक जाळी. निळी ताडपत्री चालत नाही, तिच्यातून पुरेसा उजेड येत नाही. खांब खोल पुरावेत, वारा कागदासकट सांगाडा उचलतो. आत गादीवाफा करावा, कारण वरून अडवलेले पाणी बाजूने शिरते. एवढ्या छपरावर १ सेंटीमीटर पाऊस पडला तरी ५५ लिटर पाणी उतरते. पन्हळ लावून ते पिंपात घ्यावे. छपराखालच्या रोपांना भर पावसात हाताने पाणी घालावे लागते, ही गंमत पहिल्याच आषाढात कळते. जाळी लावली तर काकडीचे परागीकरणही सकाळी हातानेच.

पॉलीहाऊस या भागाला नवे नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यात कोंडिग्रेच्या श्रीवर्धन बायोटेकने हरितगृहातली फुलशेती केव्हाच उभी केली. फलोत्पादन अभियानातून अनुदानही मिळते, पण त्याचा हिशेब शेताचा. परडे त्यात कुठेच बसत नाही. बागायत खात्याने अनुदान राहू द्यावे, निदान परड्याच्या मापाचा एक सांगाडा उभारून दाखवावा आणि यूव्ही कागद मीटरवर सुटा मिळेल अशी सोय करावी.