भिंत उभी राहते ती जाडीवर

मालवणहून तारकर्ली, देवबागकडे जाताना गेल्या काही वर्षांतला एक बदल लगेच डोळ्यांत भरतो. कुंपणं उंच झाली आहेत. पूर्वी घराभोवती चिऱ्याचा गडगा असायचा, फार तर कमरेएवढा. त्यावरून शेजाऱ्याशी बोलता यायचं आणि त्याच्या फटींतून पावसाचं पाणी वाट काढायचं. आता निवास-न्याहारीवाल्यांना पाहुण्यांसाठी आडोसा हवा असतो, मुंबईत राहणाऱ्या मालकाला बंद घराची काळजी असते, आणि चिऱ्यापेक्षा सिमेंटचा ब्लॉक हाताला हलका आणि कामाला झटपट. मग सहा इंची ब्लॉकची, कुठे कुठे चार इंचीसुद्धा, सात-आठ फुटी भिंत पाच-सहा दिवसांत उभी राहते. गिलावा होतो, रंग लागतो, काम संपलं असं मालक समजतो. मला मात्र या भिंती पाहून भीती वाटते.

भिंतीबद्दल मला नेहमी एकच प्रश्न विचारला जातो: ब्लॉक मजबूत आहे ना? मजबूत असतोच. चांगल्या भरीव ब्लॉकची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला 4 ते 5 न्यूटन असते. सात फुटी भिंतीचं स्वतःचं वजन तळाच्या थरावर जो दाब देतं, तो या ताकदीच्या जेमतेम एक टक्का भरतो. म्हणजे उंच भिंतीत ब्लॉक चिरडायचा प्रश्नच येत नाही. भिंत चिरडून पडत नाही, ती कलंडते. धोका वरून नाही, बाजूने येतो. कधी वारा, कधी मागची माती, कधी पाणी, कधी मागे येणारा ट्रक.

बाजूच्या जोराला साधी भिंत फक्त वजन आणि जाडी यांच्या बळावर तोंड देते. ब्लॉकमधल्या मसाल्यावर विसंबता येत नाही, कारण तो दाब सोसतो, ताण जवळजवळ सोसतच नाही. इथलं गणित निर्दय आहे. उंची दुप्पट केली की वाऱ्याचा भिंत उलथवणारा जोर चौपट होतो. जाडी दुप्पट केली तर भिंतीची टिकून राहण्याची ताकद चौपट होते. आपण काय केलं? गडग्याची उंची दुपटीने वाढवली आणि जाडी मात्र कमी केली.

विनासळईच्या बांधकामासाठी आपल्याकडे आयएस 1905 ही संहिता आहे. मोकळ्या उभ्या भिंतीची उंची तिच्या जाडीच्या किती पट असावी, याचा छोटासा तक्ता तिच्यात दिला आहे. वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 58 किलोच्या आसपास असेल तर 7 पट, 88 किलोच्या आसपास असेल तर 5 पट. आता आपल्या किनाऱ्याचा वारा पाहू. वाऱ्याच्या संहितेत शेजारच्या पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला 90 किलोच्या वर जातो. कुंपणाच्या भिंतीला हीच संहिता अल्पायुषी बांधकामांच्या रांगेत बसवते आणि वारा थोडा कमी धरू देते. ती सवलत घेतली तरी आठ इंची भिंत साडेचार फुटांच्या आसपास थांबते आणि सहा इंची साडेतीन फुटांवर. सवलत न घेता, पूर्ण वाऱ्याच्या हिशेबाने पाहिलं तर सहा इंची भिंतीला अडीच फूटसुद्धा जास्त होतात. सात फुटांची सहा इंची भिंत जाडीच्या 14 पट उंच असते. संहितेच्या मर्यादेच्या दुप्पट, तीही सवलत धरून.

मग त्या पडत का नाहीत, असं विचारलं जातं. माडांच्या बागा आणि शेजारची घरं वारा अडवतात, आणि खरं वादळ रोज येत नाही, इतकंच त्याचं उत्तर आहे. 16 मे 2021 ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माड, कौलं, विजेचे खांब यांचं काय झालं ते या तालुक्यातल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. तौक्ते जमिनीवर आलं ते दुसऱ्या दिवशी, गुजरातेत. आपल्याला फक्त त्याची कड लागली होती. वाऱ्याच्या 2015 च्या संहितेत चक्रीवादळासाठी एक वाढीव गुणक आहे. तो पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला लागू होतो, कोकणाला नाही. निसर्ग आणि तौक्ते ही दोन चक्रीवादळं एका वर्षाच्या अंतराने येऊन गेल्यानंतर हा अपवाद मला पटत नाही. घरमालकाने तरी तो मनावर घेऊ नये.

त्यात आणखी एक खोड वाढते आहे. भिंत बांधून झाली की वर लोखंडी पट्ट्या ठोकून पत्रे किंवा हिरवी जाळी लावायची. भिंतीला त्या दिवशी शीड चढतं. होडीच्या शिडाला डोलकाठी आणि दोर असतात; या शिडाचा सगळा ओढा मात्र तळाच्या एका मसाल्याच्या थरावर येतो.

उंच भिंत बांधूच नये असं मी म्हणत नाही. ती बांधायची तर घरासारखी बांधावी. दर आठ ते दहा फुटांवर सळईचा कॉलम, खाली प्लिंथ बीम, मध्ये एक बँड आणि माथ्यावर दुसरा. कॉलममधून सळईचे तुकडे ब्लॉकच्या थरांत शिरलेले हवेत, नाहीतर कॉलम एकीकडे आणि भिंत दुसरीकडे, मध्ये उभी फट. सहा-सात मीटरवर मोकळा सांधा सोडावा, कारण ब्लॉक सुकताना आकसतो. 14 दिवस पाणी न मारता आणि पुरेसा न सुकवता आणलेला ओला ब्लॉक तर नक्कीच आकसतो. एका दिवसात चार-पाच फुटांहून जास्त चढवू नये.

आणि पाया. कॉलमचं बूड कुठे आहे, हे मालकाने स्वतः खड्ड्यात डोकावून पाहावं. सड्यावर कातळ लागला की गवंडी खूश होतो आणि कॉलम कातळावर नुसता टेकवून ठेवतो. तो तिथे टेकलेला असतो, रुजलेला नसतो. कातळात भोकं पाडून सळई आत घट्ट बसवावी लागते. देवबागसारख्या वाळूच्या पट्ट्यात उलट त्रास. तिथे पाया रुंद हवा आणि पाणी वाळू ओढून नेणार नाही इतका खोल. खाऱ्या हवेत सळईवर काँक्रीटचं आवरण 45 मिलिमीटर लागतं आणि मसाल्यात खाडीची न धुतलेली वाळू चालत नाही. मीठ सळई खातं. पोकळ ब्लॉकच्या भोकात सळई घालून काँक्रीट भरायचं असेल तर आठ इंची ब्लॉकच घ्या. सहा इंचीत आवरणाला जागा उरत नाही.

वाऱ्यापेक्षा मला पाण्याची भीती जास्त आहे. उताराची जागा सपाट करायला कुंपणाच्या आतून माती भरतात, आणि आडोशाची भिंत एका दिवसात धारक भिंत होऊन बसते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हे घडतं. भिंतीमागे 1 मीटर पाणी तुंबलं तर तळाशी चौरस मीटरला 1000 किलोचा दाब येतो, वादळी वाऱ्याच्या दहापटीहून जास्त. 29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्याला कुंपणाची भिंत झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावात सहा, आणि मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात पंचवीसहून अधिक. जवळजवळ सगळे भिंतीच्या पायथ्याशी राहणारे मजूर आणि गरीब कुटुंबं. भिंत बांधणारा आतल्या बाजूला राहतो आणि ती पडते बाहेरच्या माणसावर. म्हणूनच हा प्रश्न एकट्या मालकाच्या मर्जीचा नाही.

कोणी समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणेल, ती भिंत साडेतीनशे वर्षं उभी आहे. जरूर पाहावी. 1664 ते 1667 या काळात बांधलेला तो तट सुमारे 30 फूट उंच आणि 12 फूट जाड आहे, म्हणजे उंची जाडीच्या अडीच पट. पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं परंपरा सांगते. शिवाय तट सरळ रेषेत जात नाही, नागमोडी वळतो, आणि जागोजागी बुरूज त्याला आधार देतात. आजच्या कॉलमचं काम तेव्हा ते बुरूज आणि ती वळणं करत होती. सरळ, पातळ आणि लांब भिंत हा भिंतीचा सर्वांत दुबळा प्रकार, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीतही शहाणपण आहे. कुंपणाची भिंत रस्त्याच्या पातळीपासून 1.5 मीटर; 2.4 मीटरपर्यंत न्यायची तर वरचा 0.9 मीटर भाग जाळीदार हवा. वारा जिथे सर्वांत जास्त उलथवतो तिथेच त्याला वाट मिळते. हा नियम कागदावर राहतो, कारण घराचा नकाशा मागणारं कार्यालय कुंपणाकडे पाहत नाही. माझी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे: पाच फुटांवरच्या प्रत्येक भिंतीसाठी पाया आणि कॉलम यांचं एक पानी चित्र मागा आणि काम चालू असताना एकदा जागेवर जाऊन या.

आणि ज्यांच्या भिंती आधीच उभ्या आहेत त्यांनी मृगाआधी ओळंबा लावून पाहावा. तळाशी आडवी लांब चीर, कॉलमजवळ उभी फट किंवा मध्येच आलेला फुगवटा दिसला तर मागची माती उपसा, पाण्याला भोकं पाडा, वरचे पत्रे उतरवा, आणि भिंतीलगत मुलांना खेळू देऊ नका.