तार आली, पण मास्तर कोठे आहेत?

आमच्या लहानपणी घरी तार आली की घर हादरून जाई. तारवाल्याने सायकल दाराशी टेकवली, की कागद उघडण्याआधीच घरातल्या वडीलधाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावीत. आत काय लिहिले आहे ते मागाहून; तार आली हीच बातमी! ती तार सरकारने २०१३ च्या जुलैत कायमची बंद केली. आता दुसरी तार आली आहे. ही काचेच्या तंतूची. हिच्यातून उजेड धावतो. ही आली म्हणजे रडावयाचे नाही, पेढे वाटावयाचे. सवय मात्र जुनीच राहिली. आत काय लिहिले आहे हे वाचण्याआधीच आपण निकाल लावून मोकळे!

दिवाळीच्या फराळात कडू विषय काढू नये, हे आम्हांस कळते. पण नरकचतुर्दशीला कारीट अंगठ्याने फोडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा आणि मगच करंजीकडे वळावयाचे, ही चालही आपलीच आहे. तेवढ्याच अधिकाराने हे चार शब्द लिहितो.

देशातील सगळ्या शाळा एका जाळ्यात गुंफावयाच्या आणि त्या जाळ्यातून मुलांना घरबसल्या शिक्षण पुरवावयाचे, असा हा संकल्प आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याचे २०११ साली ठरले. पुढे त्या योजनेचे ‘भारतनेट’ असे बारसे झाले. २०१७ च्या शिक्षकदिनी ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षणपीठ सुरू झाले. २०२० च्या मे महिन्यात, शाळांना कुलपे असताना, ‘पीएम ई-विद्या’ची घोषणा झाली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकात ग्रामीण भागातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ही तार जोडण्याचे वचन देण्यात आले. काम झाले नाही असे कोणी म्हणू नये. सरकारच्याच ‘युडायस प्लस’च्या मोजणीप्रमाणे २०२१-२२ साली देशातील शंभरांपैकी सुमारे चौतीस शाळांत इंटरनेट होते, २०२४-२५ साली हा आकडा त्रेसष्टच्या पुढे गेला.

मग तक्रार कसली? सांगतो.

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. भाची जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ओवाळणी झाली, ताटे मांडली, तरी ही बाई माजघराच्या कोपऱ्यात मोबाईलशी झटापट करीत बसलेली. सुट्टी होती, शाळा बंद होती. पण वरच्या कचेरीतून निरोप आला होता, की मुलांची अमुक माहिती आज संध्याकाळपर्यंत भरलीच पाहिजे. मी म्हटले, “अगं, सणाच्या दिवशी तरी ते बाजूला ठेव.” ती हसली. म्हणाली, “मामा, तुम्हांला वाटतं यातून मुलांना शिकवायचं असतं. यातून मला कोण काय शिकवतं ते सांगू? पोषण आहाराचे आकडे, हजेरीचा फोटो, आधारचा नंबर. दिवस यातच जातो. मुलं विचारतात, बाई, तुमचं झालं का? मग आम्हाला शिकवा.”

त्या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. शाळा जोडली, पण कोणाला जोडली? शेजारच्या शाळेला? तालुक्याच्या वाचनालयाला? नाही. शाळा जोडली ती कचेरीला. तारेतून वर जातो तो तक्ता, खाली येतो तो हुकूम, आणि उरल्या वेळात वरूनच तयार होऊन आलेला पाठ. शिक्षणहक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणेतर कामास जुंपू नये. कायदा २००९ चा आहे. त्या वेळी हे काम कागदावर होते. आता ते मोबाईलवर आले आणि त्याला ‘डिजिटल’ म्हणू लागले. जुंपणे तेवढे कायम राहिले.

ज्ञान वर साठवावे आणि ते आपोआप खाली झिरपत जाईल, हा सिद्धान्त आपल्याकडे नवा नाही. इंग्रज सरकारने तो चालविला होता. वरच्या वर्गांना शिकवा, ते खालच्यांना शिकवतील, अशी ती हमी होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी तिचा समाचार घेतला. रयतेच्या घामाचा पैसा उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील प्राथमिक शाळा उपाशी राहते, हे त्यांचे म्हणणे. सारावसुली खाली आणि विद्या वर, हा हिशेब त्यांनी मान्य केला नाही. आज झिरपणीचा मार्ग मातीतून काचेच्या तंतूत आला, एवढाच फरक. पाणी वरून सोडलेले आहे. खाली घागर घेऊन कोणी उभे आहे की नाही, हे पाहावयास वरच्याला सवड नाही.

‘युडायस प्लस’चीच दुसरी मोजणी वाचा. २०२४-२५ साली देशात एकच शिक्षक असलेल्या शाळा १,०४,१२५ होत्या आणि त्यांत सुमारे ३३ लाख ७६ हजार मुले शिकत होती. यांपैकी आठ हजारांहून अधिक शाळा आपल्या महाराष्ट्रातील! शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर असे आहे, की पहिली ते पाचवीच्या शाळेत साठापर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. म्हणजे जेथे कायद्याने दोन माणसे हवीत तेथे एक आहे, आणि त्या एकाच्या हातात आपण मोबाईल दिला आहे. यालाच मराठीत उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या पिढीचे, यंत्राला भिता. हा आक्षेप आम्ही नम्रपणे परत करतो. सातपुड्यातल्या पाड्यावरची मुलगी चंद्राचे विवर पडद्यावर पाहते, यात आम्हांस आनंदच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्यांसारखी आमचीही छाती फुगली. पण त्या गोष्टीचा अर्थ नीट लावा. ती कल्पना कचेरीतून खाली आली नव्हती. एका खेड्यातील एका मास्तराला आपल्या समोरच्या मुलांसाठी ती सुचली. आधी मास्तर, मग यंत्र. हा तो क्रम.

हाच क्रम जगानेही शिकविला आहे. पेरू देशाने खेड्यांतील मुलांना लक्षावधी छोटे संगणक वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष काढला: बुद्धीच्या चाचण्यांत थोडी हालचाल दिसली, पण गणित आणि भाषा जेथल्या तेथे! उलट उरुग्वेने २००७ पासून सरकारी शाळांतील प्रत्येक मुलाला संगणक दिला, शाळा जाळ्यात जोडल्या, आणि २०१२ साली इंग्रजीसाठी एक निराळी व्यवस्था केली. इंग्रजी जाणणारा शिक्षक दूरवरून पडद्यावर येतो. पण वर्गात मुलांची रोजची बाई हजर असतेच, आणि आठवड्यातले पुढचे तास तीच घेते. पडद्यावरचा माणूस तिच्या मदतीला आहे, तिच्या जागी नाही. एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने १९९६ साली ‘वाघाची झेप’ असे मोठे नाव देऊन हेच काम काढले, तेव्हा संगणकांबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणालाही तितकेच महत्त्व दिले.

इतके दूर कशाला? आपल्याच देशातले केरळ घ्या. २००१ पासून त्यांनी शाळांतील शिक्षकांनाच या विद्येत तयार केले, मुक्त सॉफ्टवेअर वापरले, पाठ मल्याळममध्ये घडविले. २०२० च्या १ जूनला शाळा उघडता येईना तेव्हा त्यांनी पाठ मोबाईलवरच ठेवले नाहीत. दूरचित्रवाणीवरून दाखविले, कारण घरोघर मोबाईल नाही हे त्यांना माहीत होते. त्याच वर्षी ‘असर’च्या पाहणीत दिसले, की देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे चौघांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता.

आज तो घरोघर पोहोचला आहे. पण मोबाईल म्हणजे शाळा नव्हे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांपैकी शेकडा ५७ मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी हाती घेतला होता. समाजमाध्यमांसाठी घेणारी शेकडा ७६! यात मुलांचा दोष काय? रस्ता बांधून दिला आणि बरोबर कोणी आले नाही, तर मूल आधी जत्रेकडेच वळणार.

आमची खरी भीती पुढची आहे. १९७५ साली उपग्रहामार्फत २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला. १९८४ साली निवडक शाळांत संगणक आले. २००४ साली केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह आकाशात गेला. त्या-त्या वेळी लोकांना वाटले, आता खेड्यातील शाळेचे भाग्य उजळले. त्या प्रयोगांनी पुष्कळ शिकविले, हे खरे. पण मास्तर नेमण्याचा कंटाळा त्यांपैकी कोणीही घालवू शकले नाही. आता तर २०२३ साली महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गोळा करून ‘समूह शाळा’ काढण्याचा विचार पुढे आला. अशा वेळी कोणी हुशार माणूस म्हणेल, की शाळा गेली तर काय बिघडले, पाठ तारेतून येतोच आहे! सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून चार मैल पाठवावयाचे, नाही तर पडद्यापुढे बसवावयाचे, एवढेच दोन मार्ग तिच्या आईपुढे राहतील. तार शाळेला जोडण्यासाठी आहे. शाळा तोडण्यासाठी नव्हे.

आणखी एक. मुलांची नावे, नंबर, पत्ते या जाळ्यात साठतात. ‘दीक्षा’वरील लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती एका उघड्या राहिलेल्या सर्व्हरमुळे वर्षभराहून अधिक काळ कोणालाही पाहता येण्याजोगी होती, हे २०२३ च्या जानेवारीत बाहेर आले. घराला कुलूप न लावता गावाला जाणाऱ्या माणसास आपण काय म्हणतो?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ज्या शाळेला तार जाईल तिला कायद्याने ठरविलेले शिक्षक आधी मिळोत. माहिती भरावयास केंद्राकेंद्रावर कारकून नेमा. मास्तरांचे दोन्ही हात मुलांसाठी मोकळे करा. तारेवरचे पाठ वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या मास्तरांकडूनही घडवून घ्या, म्हणजे विद्या खालून वरही चढेल. मुलांच्या माहितीला कुलूप लावा. आणि जाळ्यामुळे शाळा बंद करणार नाही, हे लेखी द्या.

हे मागावयाचे कोणी? आपणच. दिवाळीला पुष्कळ वाचक गावी जातात. सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा आपापल्या गावच्या शाळेची चौकशी करा. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश तरी पालक असावे लागतात. त्या पालकांत तुमचा भाऊ असेल, वहिनी असेल. त्यांना सांगा, की तार आली म्हणून पेढे जरूर वाटा. पण वाटण्याआधी वर्गात डोकावून मास्तर किती आहेत ते मोजा. एकच असतील, तर ग्रामसभेत उभे राहून दुसरा मागा. आणि तो एकही मोबाईलवर तक्ता भरीत बसलेला दिसला, तर त्याला बोल लावू नका. त्याच्याकडून तो तक्ता कोण भरून घेतो आहे, ते विचारा.