घोळ तारखांचा, ओझे निवासी डॉक्टरांवर

सरकारी रुग्णालये चालतात ती निवासी डॉक्टरांच्या श्रमावर. पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांच्या तीन तुकड्या. जुनी बाहेर पडावी, नवी रुजू व्हावी, असा हा क्रम. नवी तुकडी रुजू होण्याची तारीख ही शासनाच्या लेखी एक कारकुनी बाब. अपघात विभागातल्या रात्रपाळीला माणूस मिळणार की नाही, हे मात्र त्याच तारखेवर ठरते.

२०२१ साली हे उघडे पडले. १८ एप्रिलची नीट-पीजी परीक्षा कोरोनाच्या लाटेमुळे लांबली आणि ११ सप्टेंबरला झाली. शेवटच्या वर्षाची तुकडी बाहेर पडली, पहिल्या वर्षाची आलीच नाही. पुढे आर्थिक दुर्बल घटकांच्या आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेच्या वादात प्रवेशप्रक्रिया सर्वोच्च न्यायालयात अडकली. नोव्हेंबरात केंद्राने फेरविचारासाठी आणखी चार आठवडे मागून घेतले. (दिरंगाईचे खापर इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के आरक्षणावर फोडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ते आरक्षण न्यायालयाने उचलून धरले.) डिसेंबरात डॉक्टरांनी संप केला, दिल्लीत रस्त्यावर उतरलेल्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. प्रवेशफेरी सुरू झाली ती १२ जानेवारी २०२२ रोजी. तोवर तीन तुकड्यांचे काम दोघींनी ओढले. निवासी डॉक्टरांनी साधारणतः आठवड्याला ४८ तास काम करावे, असे केंद्राचा १९९२ चा आदेश सांगतो! पाहुण्या तुकडीची वाट पाहत राबणाऱ्यांना हा आदेश वाचायला तरी सवड होती काय?

तारीख अढळ ठेवली म्हणजे भागले, असेही नाही. ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी देशभरचे शिकाऊ डॉक्टर एकाच दिवशी जागा बदलतात. २००० ते २००८ या वर्षांच्या नोंदी तपासून लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००९ साली दाखवले, की त्या बुधवारी तातडीने दाखल झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता आधीच्या बुधवारपेक्षा सुमारे ६ टक्के अधिक होती. कारण सिद्ध झाले नाही. तरी पुढे तेथे नवोदितांना कामाआधी किमान चार दिवस जुन्यांच्या सोबतीने सवेतन राहण्याची व्यवस्था करण्यात आली.

येथेही नवी तुकडी जुनी जाण्यापूर्वी रुजू झाली पाहिजे. अर्थखाते खर्चाचे कारण पुढे करील. दोन तुकड्यांकडून तिसरीचे काम फुकट करून घेताना हा हिशेब कोणी मांडला नव्हता. परीक्षा व प्रवेशाचे वेळापत्रक केंद्राने वर्षभर आधी जाहीर करावे, ते चुकल्यास रिकाम्या जागांवर तात्पुरते डॉक्टर नेमावेत आणि सोबतीच्या दिवसांचे विद्यावेतन दोन्ही तुकड्यांना पूर्ण द्यावे.