एकाच भूखंडाला दोन दरवाजे

लोअर परळ, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यातल्या पुनर्विकास झालेल्या एखाद्या मोठ्या भूखंडाला पायी फेरी मारून बघा. रुंद रस्त्याच्या बाजूला दगडी कमान, झाडांच्या कुंड्या, गणवेशातले रखवालदार आणि आत पन्नास-साठ मजल्यांचा टॉवर. मग कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत या. त्याच भूखंडावर, त्याच मालमत्ता पत्रकावर, दुसरी इमारत उभी असते. तिचा दरवाजा गल्लीत उघडतो, लिफ्टसमोर रांग असते आणि जिन्यात सायकली व पाण्याचे पिंप एकमेकांना टेकून असतात. बिल्डरच्या बोलीत पुढची इमारत ‘सेल’ आणि मागची ‘रिहॅब’. मागच्या इमारतीतल्या माणसांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या म्हणून पुढच्या इमारतीला जादा चटईक्षेत्र मिळाले. त्यांच्या चाळी पाडल्या म्हणून तो टॉवर उभा राहू शकला. आणि दोहोंच्या मध्ये भिंत आहे. रिहॅबच्या सहाव्या मजल्यावरच्या पोराला पलीकडच्या पोडियमवरचा तरणतलाव खिडकीतून रोज दिसतो. तिथे आपण उतरायचे नाही, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

ही भिंत बांधाच, असा नियम कोणत्याही विकास नियमावलीत नाही. भिंत मागतो गिऱ्हाईक. घर बघायला येणारा माणूस ब्रोकरला कार्पेट एरिया विचारतो, मेंटेनन्स विचारतो आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतो, ‘क्राउड कसा आहे?’ हा प्रश्न विचारणारे सगळे अब्जाधीश नसतात. त्यांत तुम्ही-आम्ही आहोत. शाळेत समतेची प्रतिज्ञा म्हटलेले, चौदा एप्रिलला हार घालणारे, मुलांना जोतीरावांवरच्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवणारे लोक आहेत. बिल्डर आपल्या मनातले ओळखतो आणि त्याचा दर लावतो. त्याच्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे. माझी तक्रार त्याच्याआधी आपल्या समाजाविरुद्ध आहे.

ही जमीन कोणाची होती, याची आठवणसुद्धा आपण टिकवली नाही. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मालकांच्या लक्षात आले की कापडापेक्षा खालची जमीन कितीतरी मोलाची आहे. मध्य मुंबईत अशी सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडामार्फत सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. समुद्राच्या तोंडाशी वसलेल्या, श्वास कोंडलेल्या शहराला मिळालेली ती शंभर वर्षांतली एकमेव संधी होती. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, गिरणीच्या आवारात आधीपासून जी मोकळी जागा असेल तेवढ्याचीच, असे ठरले. गिरणीचे आवार शेडनी भरलेले असते. मोकळी जागा असणार किती? मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ही दुरुस्ती रोखली, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि शहराचा वाटा कायमचा आकसला.

त्या काळात गिरणगावाबाहेरचा सुशिक्षित मराठी समाज काय करत होता? पर्यावरणवादी मंडळी कोर्टात गेली, कामगार संघटना रस्त्यावर होत्या. बाकीचे आपण दर वाचत होतो. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 702 कोटींना विकली. तीच जमीन 2012 मध्ये 2,727 कोटींना पुन्हा विकली गेली. सात वर्षांत तिथे ना सूत निघाले, ना कोणाला निवारा मिळाला, आणि दोन हजार कोटींची भर पडली. ही बातमी आपण कौतुकाने वाचली. परळला भाव आला म्हणून आपल्या ठाण्याच्या, डोंबिवलीच्या घरालाही भाव येईल, असा हिशेब मनात केला. आपले तोंड बंद राहिले ते या हिशेबामुळे.

जमीन गेली तशी जागाही गेली, आणि त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. गिरण्यांच्या आवारात काचेच्या कार्यालयांच्या इमारती उठल्या. नरिमन पॉइंटची कचेऱ्यांवरची मक्तेदारी मोडली; बँका, जाहिरात कंपन्या, वृत्तवाहिन्या लोअर परळला आल्या. लाखो माणसे रोज तिथे उतरू लागली. पण स्टेशने गिरणी कामगारांच्या काळातली, आणि तो कामगार तर चालत कामाला जाई. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबर लागताच मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून 14 जणांचा जीव गेला. दोन्ही वेळी चौकशा झाल्या. पण मोकळ्या जमिनीचा जो वाटा शहराला मिळायचा होता त्यात रस्ते झाले असते, चौक झाले असते, पळायला वाट राहिली असती, हा प्रश्न त्या चौकशांच्या कक्षेत कोणी घातला? ज्याने वाटणी बदलली आणि ज्याने ती बदलू दिली, त्या सगळ्यांवर या मृत्यूंचे ओझे आहे.

घरांचे म्हणाल तर, 2023 च्या फेब्रुवारीत वरळीतल्या एकाच इमारतीतल्या 28 सदनिकांचे व्यवहार सुमारे 1,238 कोटींना झाले. 2025 मध्ये वरळीच्याच समुद्रकाठी दोन ड्युप्लेक्स घरे मिळून 639 कोटींना गेली. कोणी किती पैशांना काय घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे आपण म्हणतो. मला तसे म्हणता येत नाही. केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी होती. आकडा 2011 च्या जनगणनेतला. त्याच जनगणनेत या शहरातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते आणि 57 हजारांवर माणसांना डोक्यावर छप्परच नव्हते. रात्री वरळी सी-फेसवरून टॉवरांकडे पाहिले तर किती खिडक्यांत दिवा नाही ते दिसते. ही घरे राहण्यासाठी घेतलेली नाहीत. तिजोरीत सोने ठेवावे तसा तिथे पैसा ठेवलेला आहे. आणि त्या तिजोरीसाठी महापालिका पाणी ओढून आणते, रस्ता रुंद करते, समुद्रात भराव घालून सागरी किनारा मार्ग बांधते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत सुमारे 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली, आणि याच दहा वर्षांत तिथे उंच इमारती उठत राहिल्या.

गिरणगाव म्हणजे समतेचे नंदनवन होते, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. गिरणीच्या विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत. हे लोक मालक नव्हते. त्याच भोंग्यावर उठणारे, तीच झुणका-भाकर खाणारे आपलेच आजे-पणजे होते. बाबासाहेब आंबेडकरांनी, जे स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहत होते, 1928 च्या संपात आग्रह धरला की हा भेद नाहीसा करण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. मालकाशी लढताना आपसातला भेद झाकून ठेवता येणार नाही, हे त्यांनी कामगार पुढाऱ्यांना तोंडावर सांगितले. त्या शेड पाडल्या गेल्या, धोटे भंगारात गेले, पण माणसे निवडून वेगळी ठेवण्याची सवय त्याच जमिनीवर पुन्हा उगवली. तेव्हा ती खात्यात होती, आता ती लिफ्टमध्ये आहे.

लिफ्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती सगळ्यांच्या सवयीची झाली आहे. सकाळी पावणेआठच्या सुमारास या टॉवरांच्या मागच्या फाटकाशी बायकांची रांग लागते. कोणी दिवा-मुंब्र्याहून आलेली, कोणी धारावीतून, कोणी त्याच भूखंडाच्या रिहॅब इमारतीतून. रजिस्टरवर किंवा मोबाइल ॲपवर नोंद होते. जाताना पिशवी उघडून दाखवायची, हातात जुनी साडी किंवा उरलेली भाजी असेल तर घरमालकिणीची चिठ्ठी. वर जायला सर्व्हिस लिफ्ट, ज्यातून कचऱ्याचे डबे आणि सिमेंटची पोती जातात. लहान मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडताना मूल सोबत आहे म्हणून तिला पुढची लिफ्ट चालते. मूल बसमध्ये चढले की परत वर जायला मागची. ज्या हातांनी आपल्या लेकराला भरवले ते हात त्या चार बाय पाच फुटांच्या पेटीत आपल्या शेजारी नको असतात. अस्पृश्यता पाळणे घटनेने गुन्हा ठरवले आहे. ही प्रथा तिच्याच कुळातली आहे, हे मान्य करायला आपण का कचरतो?

आणि ही केवळ वरळीची गोष्ट नाही. ठाणे, पुणे, नाशिकच्या मराठी सोसायट्यांत घर भाड्याने मागायला गेलेल्या माणसाला आधी आडनाव विचारतात. आडनाव मुसलमानी असेल तर ‘मालक तयार नाहीत’, दलित असेल तर ‘कालच दुसऱ्याला दिली’, एकटी बाई असेल तर ‘फॅमिलीच पाहिजे’. मासळी खातो म्हणून मुंबईत मराठी माणसाला घर नाकारले की आपण पेटून उठतो. उठायलाच हवे, तो उघड अपमान आहे. पण ज्या तोंडाने तो निषेध करतो त्याच तोंडाने आपल्या इमारतीत दुसऱ्याला नकार देतो, तेव्हा आपली लढाई न्यायाची राहत नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपविधी मान्य केला. कायद्याने तेवढी मुभा दिली असेल. माणुसकीने दिलेली नाही.

आता त्या कामगाराकडे वळू, ज्याच्या नावाने हे सगळे सुरू झाले. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने 2012 मध्ये काढली, 6,925 घरांची. घर 225 चौरस फुटांचे. एकूण अर्जदार पुढे पावणेदोन लाखांच्या आसपास झाले. त्यानंतर आणखी सोडती झाल्या, पण बहुसंख्य अर्जदार अजून वाट पाहत आहेत. अनेक अर्जांवर आता वारसदारांची नावे आहेत, कारण मूळ माणूस संपाच्या वेळी चाळिशीत होता. बाकीच्यांना मुंबईबाहेर, शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचा बेत पुढे आला. लोअर परळपासून वांगणी लोकलने दीड तासाच्या वर. 9 जुलै 2025 रोजी आझाद मैदानावर कामगार आणि त्यांचे वारस जमले ते एवढेच सांगायला की आमची जमीन मुंबईत होती, घरही मुंबईत द्या. कोकणातून, घाटावरून एसटीने आलेली सत्तरी-ऐंशीची म्हातारी माणसे पावसात बसली होती. किती सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची बातमी फिरली?

मुंबईतच घर देणे शक्य नव्हते, असे कोणी म्हणू नये. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याच वरळीत. तिथल्या रहिवाशांनी हक्क सोडला नाही म्हणून ते झाले. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी सागरी मार्गाच्या दोन खांबांतले 60 मीटर अंतर होड्यांना पुरणार नाही म्हणून काम अडवले. समुद्र आम्हांला कळतो, असे ते सांगत राहिले. अखेर सरकारला ते अंतर 120 मीटर करावे लागले. जे ठाम उभे राहिले त्यांना काही मिळाले. कामगार उभा राहिला तेव्हा त्याच्या बाजूला शहर उभे राहिले नाही, हा फरक आहे. आणि बीडीडीत नव्या चाव्या मिळालेल्यांनाही मी सांगेन की दाराशी ब्रोकर फिरू लागले आहेत. मेंटेनन्स झेपत नाही म्हणून घर भाड्याने देऊन बदलापूर गाठण्याची पाळी कोणावर येऊ नये, यासाठी सोसायटीच्या कॉर्पस फंडाचा हिशेब पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. दगड, चुना, मजूर, बिले हे सगळे त्यांच्या रोजच्या व्यवहारातले. त्याच माणसाने 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सरकारचा हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. घर त्यांचे होते, हौद त्यांचा होता, आणि शेजाऱ्यांना काय वाटेल याची भीती त्यांनी बाजूला ठेवली. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात धोरण नाही, पण सोसायटीचे सभासदत्व आहे. सप्टेंबरअखेर प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर दोन ठराव लेखी देता येतात: घरकाम करणाऱ्या बायकांना आणि डिलिव्हरीच्या मुलांना सर्व लिफ्ट खुल्या, आणि भाडेकरूच्या धर्माची, जातीची, आहाराची चौकशी सोसायटी करणार नाही. ज्या भूखंडावर सेल आणि रिहॅब अशा दोन इमारती आहेत, तिथे मधल्या भिंतीत फाटक पाडण्याचा तिसरा. गिरणी जमिनीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारावे, की आपल्या इमारतीखालच्या गिरणीच्या जमिनीतला किती हिस्सा म्हाडाला गेला आणि किती बागेला. ठराव मांडला की विरोध होईल. कोणी सुरक्षेचे कारण काढील, कोणी मालमत्तेचा भाव पडेल म्हणेल. मग मतदान मागावे आणि कोणी कुठे हात वर केला, ते नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्यावे.