तालमीच्या कोपऱ्यात केटलबेलला जागा हवी

धार जिल्ह्यातले मोहनखेड्याचे जैन तीर्थ ज्या सरदारपूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात अमझेरा आहे. 29 नोव्हेंबर 1728 रोजी तिथे चिमाजीअप्पांच्या फौजेशी लढताना माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला. मराठ्यांच्या त्या फौजेत उदाजी पवार होते. पुढे धार आणि देवास इथे पवारांची राज्ये स्थिरावली आणि मराठी घराणी माळव्याचीच होऊन गेली. लढायांचे दिवस सरले, पण अंगमेहनतीची परंपरा या मुलखात अजून नांदती आहे. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबरोबर आखाडे आजही चालतात. मध्य प्रदेश सरकारने 2013 मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले आणि 2020 मध्ये उज्जैनचे मल्लखांब प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

जोर-बैठकांवर वाढलेल्या अशा मुलखात आता जिमही पोहोचल्या आहेत आणि जिमबरोबर केटलबेल. मूठ असलेला हा लोखंडी गोळा पाहून जुन्या वळणाचा वस्ताद म्हणतो, आपल्याकडे मुद्गल असताना हे परदेशी खूळ कशाला? जिममधल्या पोराला उलट जोर-बैठका कालबाह्य वाटतात. दोघांचेही नुकसान होते आहे. देशी व्यायामात जी एक जागा अलीकडे रिकामी झाली आहे, तिथे केटलबेल नेमके बसते.

ती जागा कोणती, हे समजायला तालमीतली मेहनत नीट पाहावी लागते. जोर मारताना छाती, खांदे आणि दंड कामाला लागतात, शिवाय पाठीचा कणा पुढे-मागे मोकळा होतो. बैठकांनी मांड्या आणि दम तयार होतो. करेल आणि मुद्गल फिरवल्याने खांद्याचा सांधा चारी बाजूंनी राबतो, दोरावर आणि मल्लखांबावर पकड नि पाठ घडते. राहते ते कमरेतून वाकून उठणे: पाठ सरळ, गुडघे किंचित दुमडलेले, नितंब मागे आणि मग जोराने पुढे. खाली पडलेले ओझे उचलताना, प्रतिस्पर्ध्याची कंबर धरून त्याला मातीतून उपसताना हीच ताकद लागते. जोर-बैठकांत ती फारशी तयार होत नाही.

जुन्या पैलवानांना मात्र तिची उणीव भासली नाही, कारण ते रोज कुस्तीचा हौदा खणत. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली लाल माती फावड्याने खालवर करण्याचे काम नव्या पोरांकडे असे. मांडीची मागची बाजू, नितंब, कंबर आणि पकड यांची सगळी मेहनत त्यात होऊन जाई. व्यायामाच्या हिशेबात ते काम कोणी धरत नसे, पण शरीर धरत होते. आता कुस्तीच्या मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, पुष्कळ व्यायामशाळांत फरशी आली आणि घरी व्यायाम करणाऱ्याला माती मिळतच नाही. जोर-बैठका टिकल्या, फावडे गेले. देशी व्यायामाच्या आजच्या पाठात हे फार मोठे भगदाड आहे आणि त्याकडे जेवढे लक्ष जायला हवे, तेवढे गेलेले नाही.

केटलबेलचा मुख्य व्यायाम, म्हणजे स्विंग, हीच हालचाल करून घेतो. वजन दोन्ही हातांनी धरून दोन पायांमधून मागे न्यायचे आणि नितंबांच्या झटक्याने छातीपर्यंत पुढे उडू द्यायचे. हात फक्त धरून ठेवतात, जोर कमरेखालून येतो. जुन्या तालमीत मधोमध मूठ कोरलेली दगडी नाल असते, ती एका हाताने डोक्यावर नेतात. नालेचे वजन मुठीभोवती असते, म्हणून ती उचलायची वस्तू. मुद्गलाचे वजन हातापासून दूर असते, म्हणून तो फिरवायचा. केटलबेलचे वजन मुठीच्या जरासे खाली लोंबते, त्यामुळे ते उचलताही येते आणि झुलवताही येते. ज्याने करेल फिरवली आहे, त्याच्या हाताला ते परके वाटत नाही.

रशियात हे मुळात बाजारात धान्य तोलायचे वजन होते. पूड हे तिथले जुने माप 16.38 किलोचे, म्हणून आजही 16, 24 आणि 32 किलोचे केटलबेल प्रमाण मानले जाते. सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्हस्की यांनी 1885 मध्ये वजन उचलणाऱ्या हौशी लोकांचे मंडळ काढले आणि या वजनाला व्यायामशास्त्रात जागा दिली. अमेरिकेत त्याची लाट आली ती अगदी अलीकडे, या शतकाच्या तोंडावर.

मोजमापही उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या लेक आणि लॉडर यांनी 2012 मध्ये 21 निरोगी पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त स्विंग दिले होते: आठवड्यातून दोनदा, 12 फेऱ्या, 30 सेकंद काम आणि 30 सेकंद विसावा, वजन 12 किंवा 16 किलो. सहा आठवड्यांत अर्ध्या बैठकीत पेलता येणारे कमाल वजन जवळपास दहा टक्के वाढले आणि जागच्या उडीची उंचीही वाढली. डेन्मार्कमध्ये मान-खांदे-कंबर दुखण्याच्या तक्रारी ज्या कामांत जास्त, अशा 40 नोकरदारांवर 2011 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बहुतांश स्त्रिया होत्या. आठ आठवड्यांच्या केटलबेल व्यायामाने दुखणे कमी झाले. केटलबेल आणि बारबेल समोरासमोर ठेवणाऱ्या 2012 च्याच एका अभ्यासात निव्वळ ताकदीत बारबेलवाले पुढे गेले, हेही सांगितलेच पाहिजे. केटलबेल सगळ्याची जागा घेत नाही. कॅनडाचे पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांना स्विंगमध्ये मणक्यावर येणारा ताण नेहमीच्या वजन उचलण्याहून वेगळ्या दिशेचा आढळला. कदाचित म्हणूनच काही दुखऱ्या पाठींना स्विंग मानवतो आणि काहींना अजिबात नाही.

तेव्हा घालायचे कसे? जोर-बैठका ठेवाव्यात, बैठकांची संख्या थोडी उतरवावी आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस शेवटी दहा-पंधरा मिनिटे स्विंगला द्यावीत. सुरुवातीला करेल फिरवून खांदे मोकळे करावेत. सराव असलेल्या पुरुषाने 12 किंवा 16 किलोपासून, नव्या स्त्रीने साधारण 8 किलोपासून सुरुवात करावी. स्विंगची बैठक होऊ देऊ नये, पाठ गोल होऊ देऊ नये, श्वास कोंडू नये. दहा चांगले स्विंग झाले की थांबावे, दम खावा, मग पुढचे दहा. रक्तदाब किंवा कंबरेचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. ढब शिकवायला माणूस समोर हवा. चित्रफीत पाहून घेतलेली ढब पाठीला महाग पडते.

परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच मुद्गलाचा प्रवास आठवावा. ब्रिटिश फौजेने तो इथून उचलला, युरोप-अमेरिकेत त्याची पुस्तके निघाली आणि 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धा झाली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिनला जाऊन देशी व्यायाम दाखवून आले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला. त्या पिढीच्या मनात जगाची भीती नव्हती.

आज नगरपालिका व्यायामासाठी बागांमधून लोखंडी यंत्रे बसवतात. त्यांतली कित्येक शरीराच्या वजनावरच हलतात, ताकदीप्रमाणे भार वाढवायची सोय त्यांत नसते. धार, देवास आणि सरदारपूर तालुक्यातल्या राजगडच्या नगरसंस्थांनी त्याऐवजी जवळच्या आखाड्याला 8, 12, 16 आणि 24 किलोचे केटलबेल द्यावेत, शिकवणाऱ्याचे मानधन द्यावे आणि सकाळची एक वेळ स्त्रियांसाठी राखावी. आखाड्यांनीही दार उघडे ठेवावे. आणि जिथे हौदा अजून शाबूत आहे, तिथल्या वस्तादांनी पोरांच्या हातात फावडेही पुन्हा द्यावे.